देवणी गायीचं 'ए-२' दूध: ज्या 'रचने'वरून वाद आहे, तिचा फोटो का निघत नाही?

'ए-२ दूध', 'ए-२ तूप' अशा जाहिराती तुमच्या फीडमध्ये येतच असतील. लातूरच्या देवणी तालुक्याचं नाव मिळालेल्या देवणी गायीचं दूधही याच नावाने विकलं जातं. साध्या दुधापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, म्हणून पशुपालकांसाठी ही दोन अक्षरं महत्त्वाची.

२१ ऑगस्ट २०२४ ला एफएसएसएआयने कंपन्यांना पाकिटावरचा ए-१, ए-२ चा दावा काढायला सांगितला. पाच दिवसांत, २६ ऑगस्टला, ती सूचना मागेही घेतली. पण तिच्यात एक मुद्दा होता. हा फरक बीटा-केसिन या प्रथिनाच्या रचनेशी जोडलेला आहे, त्यामुळे तुपासारख्या स्निग्ध पदार्थावर तो दावा दिशाभूल करणारा आहे. तुपात प्रथिन जवळपास नसतंच, मग ते ए-२ कसं? सूचना मागे घेतली म्हणून हा प्रश्न संपत नाही.

आता 'रचना' म्हणजे काय? बीटा-केसिन ही २०९ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात ६७ व्या जागी ए-१ मध्ये हिस्टिडीन असतं, ए-२ मध्ये प्रोलीन. फरक एवढाच.

पण साखळीचा आकार बघायचा तर क्ष-किरण लागतात. अणूंमधलं अंतर आणि क्ष-किरणांची तरंगलांबी साधारण सारखी असते. त्यामुळे एकसारख्या रांगेत बसलेल्या अणूंवर किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणिताने आकार काढता येतो. यालाच विवर्तन म्हणतात. पूर्ण स्फटिक नसला तरी तंतूंमध्ये शिस्त असली तर काम भागतं. कातडी आणि हाडांतल्या कोलॅजनची तीन पदरी वेणी जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५० च्या दशकात मद्रासमध्ये अशीच उलगडली.

केसिन मात्र शिस्तीत बसतच नाही. त्याची साखळी भिजलेल्या शेवयांसारखी सैल असते आणि सतत आकार बदलते. त्याच दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे स्फटिक होतात, केसिनचे होत नाहीत. हा दोष नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट गुंडाळून बारीक गोळे करायचे, तर सैलपणा हवाच. म्हणजे ए-१ आणि ए-२ ची वळणदार रंगीत चित्रं कुठे दिसली, तर ती क्ष-किरणांनी टिपलेली नाहीत, हे धरून चाला.

तसंही आरोग्याचा वाद आकाराचा नाही, पचनाचा आहे. ए-१ पचताना त्या ६७ व्या जागेपाशी बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो, तो त्रासदायक ठरतो, असा दावा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. आजारांशी त्याचा कार्यकारण संबंध सिद्ध झालेला तिला आढळला नाही.

मग गाय ए-२ आहे हे कळणार कसं? रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून जनुक तपासून. देशी गायींमध्ये ए-२ जनुकाचं प्रमाण खूप जास्त असतं, पण संकर झाला की खात्री देता येत नाही. शिवाय तपासणी होते ती गायीची. गोठ्यात एखादी संकरित गाय असली आणि सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं, तर तो दाखला त्या कॅनला लागू होत नाही.