धूर नाही म्हणून धोका नाही?

गांजाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत एक नवा समज रुजला आहे. चिलमीतून किंवा सिगारेटीत भरून ओढला तर छाती खराब होते. पण यंत्रात तापवून नुसती वाफ घेतली तर काही होत नाही, असा तो समज. धूर नाही, राख नाही, कपड्यांना वास नाही, मग अपाय कसला? त्यात हे यंत्र दिसायला पेनासारखे किंवा पेन ड्राइव्हसारखे. दप्तरात असले तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही. या समजात थोडे तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. पण ते किती आणि कुठवर, हे नीट पाहिले नाही तर काय होते, ते अमेरिकेने २०१९ मध्ये अनुभवले.

आधी तथ्याचा भाग. गांजाची नशा मुख्यतः टीएचसी या रसायनामुळे येते. हे रसायन मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत असते. ते शरीरात जाण्यासाठी गांजा जाळावाच लागतो असे नाही. साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तरी टीएचसीची वाफ होते. पेटत्या टोकाचे तापमान मात्र यापेक्षा कितीतरी जास्त, कित्येकशे अंशांत असते. तिथे वनस्पतीचा पाला जळतो आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड, बेन्झिन असे पदार्थ तयार होतात. तंबाखूच्या धुरातही हेच असतात. सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ मध्ये १८ प्रौढांवर एक प्रयोग झाला. धूर ओढल्यावर त्यांच्या उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड वाढला. वाफ घेतल्यावर तो जवळपास वाढला नाही. रक्तात टीएचसी मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच पोचले. म्हणून काही देशांत डॉक्टरांनी औषध म्हणून गांजा लिहून दिलाच, तर तो ओढण्यापेक्षा अशा यंत्रातून घेण्याचा सल्ला दिला जातो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या प्रयोगातले यंत्र टेबलावर ठेवायचे, तापमान नियंत्रित करणारे होते. त्यात भरला होता तो फक्त सुका, तपासलेला गांजा. बाजारात तरुणांच्या हाती पडते ती वस्तू वेगळी. ती असते तेलाने भरलेली कार्ट्रिज. गांजातून काढलेला अर्क, त्यात मिसळलेले इतर द्रव, आणि बॅटरीवर तापणारी बारीकशी तार. ‘वाफ’ हा शब्द दोन्हींना लावला जातो, म्हणून दोन्ही एकच वाटतात. खरी गफलत इथूनच सुरू होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांतील डॉक्टरांकडे धडधाकट तरुण मुले येऊ लागली. खोकला, धाप, ताप आणि सोबत उलट्या-जुलाब. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे पांढुरकी झालेली. न्यूमोनिया समजून प्रतिजैविके दिली तरी उपयोग होईना. कित्येकांना अतिदक्षता विभागात आणि व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. या सगळ्यांत समान धागा एकच होता. सगळे जण व्हेप ओढत होते. या आजाराला ‘इव्हाली’ असे नाव पडले. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या २,८०७ जणांची नोंद झाली. त्यांपैकी ६८ जणांचा मृत्यू झाला होता. रुग्णांचे मध्यम वय अवघे २४ वर्षे होते. ज्यांची माहिती मिळाली त्यांपैकी ८२ टक्के जणांनी टीएचसी असलेली कार्ट्रिज वापरली होती.

मग मारक काय ठरले? गांजा नव्हे, तर त्यात मिसळलेले ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’. यामागे भेसळीचे साधे गणित होते. गांजाचे शुद्ध तेल महाग आणि मधासारखे दाट असते. गिऱ्हाईक कार्ट्रिज उलटी करून आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश वर जातो ते पाहत असे. बुडबुडा हळू गेला की तेल अस्सल. दुधात पाणी घातले तर ते पातळ होते आणि चोरी पकडली जाते. तसे इथे होऊ नये म्हणून काळ्या बाजारातल्या भेसळखोरांनी रंगाने आणि दाटपणाने जुळणारे व्हिटॅमिन ई ॲसिटेट शोधून काढले. हाच पदार्थ गोळीतून पोटात गेला किंवा क्रीममधून त्वचेवर लावला तर सहसा त्रास देत नाही. फुप्फुसाचे मात्र तसे नाही. हवेच्या सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवण्यासाठी त्यांच्या आत एक पातळ थर असतो. हे तेलकट द्रव्य त्या थराच्या कामात अडथळा आणते, असे संशोधकांचे मत आहे. शिवाय ते तापल्यावर कीटीन हा दाहक वायू तयार होऊ शकतो, असेही प्रयोगशाळेत दिसले. १६ राज्यांतील ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत हा पदार्थ सापडला. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी व्यक्तींपैकी एकातही नाही. हा पुरावा भक्कम आहे. तरीही इतर घटकांचा काही वाटा नव्हताच, असे रोगनियंत्रण केंद्राने म्हटलेले नाही, कारण काही रुग्णांनी फक्त निकोटिनचे व्हेप वापरल्याचे सांगितले होते.

या प्रकरणातून दोन अगदी विरुद्ध निष्कर्ष काढले जातात. एक म्हणजे ‘व्हेप घेतला की मरण’. दुसरा, ‘दोष भेसळीचा होता, शुद्ध माल घेतला की झाले’. दोन्ही अपुरे आहेत. पहिला इतका भडक आहे की वापरूनही धडधाकट असलेल्या मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही आणि मग पुढचे काहीच ते ऐकून घेत नाहीत. दुसरा निष्कर्ष अधिक फसवा आहे, कारण तो फुप्फुसापाशीच थांबतो. टीएचसीचे खरे काम मेंदूत चालते, आणि भेसळ नसली म्हणून तिथला परिणाम कमी होत नाही.

उलट तो वाढू शकतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये क्वचित गांजा घेणाऱ्या १७ प्रौढांना तेवढीच मात्रा एकदा धुरातून आणि एकदा वाफेतून दिली. वाफेने रक्तातील टीएचसी अधिक चढले, आणि लक्ष, स्मरण व हालचालींवरचा परिणामही जास्त दिसला. कारण साधे आहे. जळताना बरेच टीएचसी नष्ट होते. वाफेत ते वाचते. मालाची तीव्रताही वाढत गेली आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये टीएचसीचे प्रमाण सरासरी ४ टक्के होते. २०१४ पर्यंत ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. कार्ट्रिजमधल्या अर्कात तर ते ६० ते ८० टक्के असू शकते. युरोप आणि ब्राझीलमधील ११ ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० टक्के किंवा त्याहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीच्या आजाराची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट आढळली. गांजामुळेच आजार झाला, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे सिद्ध होत नाही. पण मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत सुरू असते, हे ध्यानात घेतले तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबाबत हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेत बारावीच्या विद्यार्थ्यांमध्ये महिन्याभरात गांजाचा व्हेप ओढल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये साडेसात टक्के होते. एका वर्षात ते १४ टक्के झाले.

आपल्याकडे काय? भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून वाफ देणारी यंत्रे त्यात येतात. गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आधीच गुन्हा आहेत. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही. म्हणूनच ‘आपल्याकडे महाशिवरात्रीला भांग चालतेच की’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. पण पोटात गेलेली भांग चढायला तास-दीड तास घेते. वाफ काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. जितका परिणाम झटपट, तितकी सवय लागण्याची शक्यता अधिक. केंद्र सरकारच्या वतीने एम्सने केलेल्या पाहणीनुसार वर्षभरात कोणत्याही स्वरूपात भांग, गांजा किंवा चरस घेणारे भारतात सुमारे ३ कोटी १० लाख लोक आहेत. यांतल्या थोड्यांनी जरी कार्ट्रिजचा रस्ता धरला, तरी संख्या लहान राहणार नाही.

बंदीमुळे उघड दुकाने बंद होतात, ही जमेची बाजू. पण जे छुपे विकले जाते, त्यात काय आहे हे तपासणारे कोणीच नसते. अमेरिकेतले बहुतेक रुग्णही मित्र, ओळखीचे आणि बेकायदा विक्रेते यांच्याकडूनच माल घेत होते. म्हणून आपल्याकडे कायद्याइतकीच गरज आहे ती डॉक्टर सावध असण्याची आणि घरात मोकळेपणाने बोलले जाण्याची. तरुण मुलाला खोकला, धाप आणि सोबत उलट्या होत असतील, साध्या उपचारांनी गुण येत नसेल, तर व्हेपबद्दल विचारलेच पाहिजे. इव्हाली दाखवणारी रक्ताची एखादी चाचणी नाही. रुग्णाने दिलेली खरी माहिती हाच निदानाचा मुख्य आधार आहे. वेळीच कळले तर बऱ्याच रुग्णांना स्टिरॉइडने आराम पडतो. पोलिसांच्या किंवा आई-वडिलांच्या धाकाने मुलगा गप्प बसला, तर हाती असलेले मोलाचे दिवस निसटतात.