हिपॅटायटीस बीच्या रुग्णांना शुगर, बीपी व मूत्रपिंडविकारांचे उपचार एकत्र मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला आणि हिपॅटायटीस बीच्या रुग्णाला टेनोफोव्हिरची गोळी मोफत मिळू लागली. त्याबद्दल रुग्ण शासनाचे ऋणी आहेत. मात्र ही गोळी विषाणूला दाबून ठेवते, समूळ घालवत नाही. त्यामुळे बहुतेकांना ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. दरम्यान पन्नाशी येते आणि तिच्यासोबत शुगर, बीपी, फॅटी लिव्हरही येतात.

इथून रुग्णाची फरफट सुरू होते. यकृताचा केस पेपर एका ओपीडीत, शुगरचा दुसऱ्या. एका डॉक्टरांनी काय लिहिले ते दुसऱ्यांना बऱ्याचदा रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीतूनच कळते, तेही त्याने जुने कागद आठवणीने आणले तर.

आजार मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत. मधुमेह असेल तर हिपॅटायटीस बीच्या रुग्णाला सिरॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. नेहमीचे टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडांना आणि हाडांना बाधते. मधुमेह व रक्तदाबाने मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. इतर आजारांसाठी दिलेल्या स्टेरॉइडने किंवा केमोथेरपीने शांत बसलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही उपचार कोणाला द्यावेत हे ठरवताना मधुमेह व फॅटी लिव्हरचा विचार केला आहे.

संघटनेच्याच अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ३ कोटी लोकांना हिपॅटायटीस बी होता. अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून आपल्याला ही लागण झाली आणि ती कळेपर्यंत यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, हे अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

या पार्श्वभूमीवर निवेदनकर्त्यांच्या मागण्या अशा :

१. शुगर-बीपी तपासणीस येणाऱ्या ३० वर्षांवरील प्रत्येकाची एकदा हिपॅटायटीस बीची एचबीएसएजी चाचणी व्हावी. हिपॅटायटीस उपचार केंद्रातील प्रत्येकाची शुगर, बीपी व वजन दरवर्षी तपासावे.

२. दोन्ही उपचारांची नोंद एकाच केस पेपरवर असावी व औषधे एकाच दिवशी मिळावीत.

३. क्रिएटिनिन नियमित तपासावे. मूत्रपिंड बिघडलेल्यांसाठी एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर अलाफेनामाइड जिल्हा रुग्णालयात उपलब्ध असावे.

४. सिरॉसिसच्या रुग्णांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी मोफत व्हावी.

५. एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र डायलिसिस मशीन असावे. ‘तुमच्यासाठी मशीन नाही’ असे सांगून कोणालाही परत पाठवू नये.

६. शुगर तपासणी शिबिरांत प्रत्येकासाठी नवी सुई वापरावी. बोट टोचण्याचे एकच पेन अनेकांना लावल्यास हाच विषाणू पसरतो.

पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या मागणीसाठी नवी इमारत किंवा नवे पद लागणार नाही. विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते तातडीने काढावे आणि उर्वरित मागण्यांसाठी आगामी अर्थसंकल्पात तरतूद करावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
हिपॅटायटीस बीचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, आरोग्य सेवा, मुंबई