सत्तर टक्के नाचणी

बेंगळुरूत रागी माल्टसाठी फार फिरावं लागत नाही. गांधी बाजारात, मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला, कुठल्याही बऱ्यापैकी किराणा दुकानात त्याच्या पिशव्या लटकत असतात. आपल्याकडचं नाचणीसत्त्वच हे, थोडं नटवलेलं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. मोड आल्यानं पिठातला स्टार्च सुटा होतो, त्यामुळे पेय घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत मुलांना दुधाबरोबर तेच मिळू लागलं.

नुसतं नाचणीचं पीठ पाकीटबंद, लेबल लावून विकलं तर जीएसटी ५ टक्के. त्यात वेलची, गूळ, डाळ, दूध पावडर घालून तयार मिश्रण केलं की पूर्वी १८ लागत. पीठ कुठे संपतं आणि मिश्रण कुठे सुरू होतं, यावर मग भांडणं होत. चिमूटभर वेलचीनं पिठाची जात बदलते का? सत्तूच्या बाबतीत सरकारनं डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात उदार उत्तर दिलं होतं: डाळी आणि धान्यांच्या पिठांचं मिश्रण असलं, वर थोडं काही घातलेलं असलं, तरी ते पीठच. नाचणीच्या वाट्याला ते औदार्य इतक्या सहजी आलं नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी जीएसटी परिषदेच्या ५२व्या बैठकीत तोडगा निघाला. ते साल संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष, तेही भारताच्याच प्रस्तावावरून झालेलं. अशा वर्षात नाचणीच्या पेयावर १८ टक्के बरे दिसत नव्हते. ठरलं असं की पावडरमध्ये वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य असेल तर पाकीटबंद मालावर ५ टक्के, सुट्ट्यावर शून्य. सत्तरच्या खाली गेलात की जुने १८.

दिसायला सोय चांगली. आता दोन पाकिटं डोळ्यांपुढे आणा. पहिल्यात किलोमागे ६०० ग्रॅम नाचणी, १५० मूग, १०० फुटाणे, ५० बदाम आणि १०० गूळ. दुसऱ्यात ७०० ग्रॅम नाचणी आणि ३०० ग्रॅम साखर. लहान मुलासाठी मी डोळे झाकून पहिलं घेतलं असतं, दोनशे रुपयांच्या मूळ किमतीवर ३६ रुपये कर भरून. साखरेच्या पाकिटावर कर होता दहा रुपये. उरलेल्या तीस टक्क्यांत काय असावं, याबद्दल त्या नियमात चकार शब्द नव्हता. मुगानं प्रथिनं वाढतात हे शाळकरी पोराला कळतं. तराजूला फक्त नाचणी कमी झालेली दिसत होती. आईच्या हिशोबात जे पोषण, ते कराच्या हिशोबात भेसळ.

या शहरानं असा वाद याआधीही पाहिला आहे. इडली-डोशाचं पीठ घराघरांत पोहोचवणारी आयडी फ्रेश फूड ही इथलीच कंपनी. तिनं आपल्या परोट्याचा दर विचारला, तेव्हा मे २०२० मध्ये कर्नाटकच्या अॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणानं सांगितलं की मलबार परोटा हा खाकरा, साधी चपाती किंवा रोटी नव्हे, कारण तो खाण्यापूर्वी गरम करावा लागतो. सबब १८ टक्के. देशभर लोक हसले. हसण्यासारखं होतंच, पण प्राधिकरणाचीही पंचाईत समजण्याजोगी आहे. दोन दरांच्या मध्ये भिंत उभी केली की कुणीतरी त्या भिंतीवर बसलेला सापडणारच, आणि त्याला कुठल्या तरी एका बाजूला उतरवावंच लागतं.

हा खेळ जीएसटीच्याही आधीचा आहे आणि आपल्या अकोल्याला त्यात मानाचं स्थान आहे. तिथल्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्ध लढत एक पानविक्रेता सर्वोच्च न्यायालयात गेला. पान हे झाडाचं पान, म्हणून ते भाजी, आणि भाजीला कर माफ, असा त्याचा दावा. १९६१ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवा, बाजारात भाजी घ्यायला गेलेला माणूस काय घेऊन येतो ते बघा, असा त्याचा आशय. ही कसोटी आजही वकिलांच्या तोंडी असते. मला ती सत्तर टक्क्यांपेक्षा शहाणी वाटते, कारण तिच्यात निदान गिऱ्हाईक तरी आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेच्या ५६व्या बैठकीनं भिंतच पाडली. २२ सप्टेंबरपासून माल्टची पेयं, कोकोची पावडर आणि इतरत्र न बसणारी खाद्यमिश्रणं १८ वरून ५ वर आली. परोटा तर शून्यावर. मूग असो की साखर, पाकिटाला दर एकच. सात-आठ वर्षं शपथपत्रं, प्रयोगशाळांचे अहवाल आणि वजनाचे तक्ते ज्या प्रश्नावर खर्ची पडले, तो एका बैठकीत निकाली निघाला. वस्तू काय आहे याची चिंता कुणाला फारशी नव्हतीच, भांडण तेरा टक्क्यांचं होतं.

मागची वर्षं मात्र आपोआप पुसली जात नाहीत. त्या काळात विकलेल्या मालाला त्या काळचाच दर, त्यामुळे २०२३ च्या पाकिटात नाचणी ६८ टक्के होती की ७१, हे विचारणारी नोटीस आजही येऊ शकते. माल तर केव्हाच दुधात मिसळून पोटात गेला. पुरावा म्हणून उरतो तो घटकांचा तक्ता, आणि छोट्या उत्पादकानं तो जपून ठेवला असला तर.