न थांबता दुरुस्ती

दुबईचा विमानतळ आपल्या बेटावरील पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा आहे. २०२२ साली ९ मे ते २२ जून असे ४५ दिवस तेथील उत्तरेकडची धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. तरी विमानतळ थांबला नाही. दुसरी धावपट्टी चालू होती आणि काही विमाने अल मक्तूम विमानतळावर उतरवली गेली.

संगणकाच्या अंतरंगात अशी दुसरी धावपट्टी सहसा नसते. यंत्राची सर्व कामे चालवणारा एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. तो बदलायचा तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. शाळेतील संगणक पाच मिनिटे थांबला तर बिघडत नाही. रुग्णालयात किंवा बँकेत मात्र दुरुस्ती ‘उद्या करू’ म्हणून राहून जाते आणि चोराला दार उघडे सापडते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, चालत्या गाभ्यालाच ठिगळ लावणे. सदोष भागाकडे जाणारे काम नव्या भागाकडे वळवले जाते. लिनक्समध्ये ही सोय २०१५ पासून आहे. दुसरा, एकाच यंत्रात दोन गाभे शेजारी शेजारी चालवणे. प्रत्येकाला आपापले प्रोसेसर व आपापली मेमरी द्यायची, काम नव्याकडे हलवायचे, मग जुना थांबवायचा. लिनक्ससाठी अशी योजना २०२५ साली मांडण्यात आली.

पण न थांबता केलेली दुरुस्ती निर्धोक असतेच असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने गाभ्यात चालणाऱ्या आपल्या संरक्षक प्रोग्रामसाठी सदोष फाइल पाठवली. ती चालत्या यंत्रांतच शिरली आणि जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. दुबईच्या टर्मिनल १ व २ मध्ये काही कंपन्यांच्या प्रवासी-नोंदणीत अडथळा आला. त्या कंपन्या लगेच पर्यायी व्यवस्थेकडे वळल्या आणि काम पूर्ववत सुरू झाले.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. नवे आणताना जुने तयार ठेवावे आणि नव्याची परीक्षा आधी थोड्या यंत्रांवर घ्यावी. यंत्रच जळाले तर त्यातील दोन्ही गाभे जातील. म्हणून दुसरे यंत्रही हवे. आपल्या बेटावरील रुग्णालये, बँका व कार्यालये संगणक विकत घेताना किंमत विचारतात. दुरुस्ती चालू असताना काम कोण सांभाळणार, हेही त्यांनी विचारावे.