पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

"आपलीच माणसं गोऱ्यांच्या फौजेत गेली, म्हणून राज्य गेलं." हे वाक्य मला पटत नाही. जालन्याचा असल्यामुळे जरा जास्तच पटत नाही म्हणा!

जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पैसा निजामाचा, अधिकारी इंग्रज. आमच्या आयटीच्या भाषेत, पेरोल एकीकडे आणि रिपोर्टिंग दुसरीकडे. पगार भागवायला दिवाण चंदूलालच्या काळात निजाम सरकार हैदराबादच्या पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढायचं. पुढे थकबाकी चढत गेली, आणि 1853 च्या तहाने या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे शिपायाचा पगार शेवटी वऱ्हाडातला शेतकरी साऱ्यातून भरत होता. 1903 साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली. वऱ्हाड काही निजामाला परत मिळालं नाही.

आता भरती होणाऱ्या पोराच्या बाजूने बघा. देशी सरदारांकडे पगार महिनोन् महिने थकायचा, शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे. इकडे बांधलेला पगार होता. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात ही मोठीच गोष्ट. आजही जालन्यात पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्याने पोरं पळताना दिसतात, ती काय वेगळ्या हिशेबाने पळतात?

आयर्लंडमध्ये हेच झालं. तिथल्या इंग्रजी अमलातल्या पोलीस दलात बहुतेक शिपाई आयरिश कॅथलिक, आणि दबवायचं ते आपल्याच लोकांना. 1922 साली ते दल मोडलं, तेव्हा त्यातले कितीतरी जण पॅलेस्टाईनमध्ये इंग्रजांच्याच पोलीस दलात भरती झाले. मायदेशात तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि पोट तर होतंच.

आणि फितुरी म्हणायची तर कुणाशी? आमच्याच जिल्ह्यातल्या असईला 1803 साली शिंद्यांना हरवणारा वेलस्ली मूळचा आयर्लंडचा. त्याचे बहुतेक शिपाई मद्रासकडचे. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. दोन्हीकडे भाडोत्रीच की!

सगळे निमूट चाकरी करत होते असंही नाही. 1857 च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादला याच कंटिंजंटच्या घोडेस्वारांनी बंड केलं. ते पुण्याहून आलेल्या इंग्रजी फौजेने मोडलं. पुढच्याच वर्षी कंटिंजंटच्या इतर तुकड्या ह्यू रोजबरोबर तात्या टोप्यांविरुद्ध लढल्या. फौज तीच! मला राग येतो तो व्याजाच्या हिशेबावर सह्या करणाऱ्यांचा. त्यांना फितूर म्हणताना मी तरी फारसं कुणाला ऐकलेलं नाही.

असो. कंटिंजंटच्या पायदळाची पुढे 19 वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि 1945 साली तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट. 1947 साली बडगामला धारातीर्थी पडलेले पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे.