शेवाळ मारायचं नसतं, काढायचं असतं

समुद्री फिश टँक ठेवणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "कितीला पडलं?" आणि सहा-आठ महिन्यांनी दुसरा, "हे हिरवं काय वाढलंय?" पहिल्याचं खरं उत्तर घरातसुद्धा सांगायचं नसतं :) म्हणून आज दुसऱ्याबद्दल.

आधी थोडं पत्त्याचं. मी राहतो ते मलकापूर कराडचं. बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. इथून समुद्र गाठायचा तर पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरावा लागतो. त्यामुळे आमच्याकडचा समुद्र म्हणजे पाकिटातलं मीठ, एका लिटरला साधारण 35 ग्रॅम. त्यात क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ, गोगलगायी आणि दगड. दगडी प्रवाळ नाहीत, ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि समुद्रातून उचलून आणणं हा सरळ गुन्हा आहे.

तर शेवाळ. दगडांवर आधी हिरवी लव येते, मग तिचे केस होतात, मग ते केस प्रवाळांच्या अंगावर चढतात. प्रकाश अडतो, प्रवाळ मिटून बसतात आणि हळूहळू मरतात. या टप्प्यावर माणूस दुकानात जातो आणि दुकानदार एक बाटली काढून देतो. 'इतक्या लिटरला इतके थेंब.' चार दिवसांत टँक चकाचक. महिन्याभरात शेवाळ परत, आणि या वेळी जास्त दाट.

माझं म्हणणं असं की यात त्या बाटलीने फसवलं वगैरे काही नाही. बाटलीने शेवाळ मारलंच. पण मारणं आणि काढणं यात फरक आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

शेवाळ म्हणजे काय? टँकमधल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचं हिरव्या रूपात साठवलेलं गाठोडं. आपण रोज जे खाणं टाकतो त्यातून हे येतं. माशाने खाल्लं तरी बाहेर पडतं, नाही खाल्लं तर कुजून पाण्यात मिसळतं. शेवाळ ते शोषून घेतं. तुम्ही औषधाने शेवाळ मारलंत की ते तिथेच कुजतं आणि सगळं खत पुन्हा पाण्यात. म्हणजे पुढच्या पिकाची पेरणी आपणच करून ठेवली! आमच्याकडे उसाचं पाचट शेतात कुजवतात ते याच हिशोबाने. तिथे ते शहाणपण, टँकमध्ये तोच तोटा.

म्हणून पहिला उपाय अगदी गावठी आहे. जुना टूथब्रश, एक नळी, एक बादली. शक्य असेल तो दगड बाहेर काढून टँकच्याच पाण्यात घासा, बाकीचं खरवडताना नळीने ओढून घ्या. बादलीत गेलेलं प्रत्येक मूठभर शेवाळ म्हणजे टँकमधून कायमचं गेलेलं खत. कंटाळवाणं काम आहे, पण मोजता येण्यासारखं आहे.

इथे टेस्ट किटवाले मित्र म्हणतात, "माझं फॉस्फेट तर शून्य येतंय, मग शेवाळ कसं?" अहो, शून्य येतंय कारण शेवाळच ते खाऊन बसलंय. किट पाण्यात उरलेलं मोजतं, शेवाळात गेलेलं नाही. बँकेत बॅलन्स शून्य दिसतो म्हणून पगार झालाच नाही असं थोडंच असतं?

दुसरी अडचण जुन्या साठ्याची. टँकमधली वाळू आणि दगड बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि फॉस्फेट त्यांना चिकटून बसतं. पाण्यातलं कमी केलंत की ते दगडातून सुटायला लागतं. त्यामुळे सगळं नीट करूनही दोन-तीन महिने फरक दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक वैतागून बाटलीकडे वळतात. शेवाळाचा चिवटपणा बराचसा हाच असतो.

हे मी घरातल्या काचेच्या पेटीवरून सांगत नाहीये. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये 226 नंबरच्या एका तळ्याचे मधोमध प्लास्टिकचा पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकले, एकाच बाजूला फॉस्फरस जास्तीचा. ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. वरून काढलेला तो फोटो आजही पाठ्यपुस्तकांत असतो. आणि एवढं लांब कशाला, कोल्हापूरचा रंकाळा बघा. वर्षानुवर्षं नाल्यांतून सांडपाणी आत येत राहिलं आणि तळ्यावर कधी केंदाळ, कधी हिरवा तवंग. केंदाळ काढणं बरोबरच, पण नाला चालू आणि तळाशी गाळ तसाच असेल तर ते परत येणारच. मग कुणीतरी पावडर किंवा कल्चर टाकायची टूम काढतं. दुकानातली तीच बाटली, फक्त टँकरने.

तर दुसरा उपाय, आपला नाला बंद करा. टँकचे नाले दोन. एक म्हणजे खाणं. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. फ्रोझन खाणं असेल तर वितळलेलं पाणी गाळून फेकून द्या. दुसरा नाला म्हणजे नळ. आमच्या मलकापूरचं नाव झालं ते चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे, आणि पाणी पिण्यासाठी छानच आहे. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेट लिटरला 45 मिलीग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला ठीक, रीफ टँकला मात्र ते आधीच खत घातलेलं पाणी! म्हणून आरओ आणि त्यापुढे डीआय, टीडीएस मीटरवर शून्य. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं आणि आमच्याकडे घरोघरी मीटर, म्हणून ते बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला, झाडांना.

पाणी बदलण्याबद्दल एक साधा हिशोब. नायट्रेट 40 असेल आणि 20 टक्के पाणी बदललं, तर उरतं 32. आठवड्याला एकदा असं चार वेळा केलं तर 16 च्या आसपास, तेही नवीन काही आत आलं नाही असं धरून. म्हणजे नुसतं पाणी बदलून सुटका नाही, आणि न बदलूनही नाही.

तिसरा उपाय चरणारे प्राणी. जमैकातलं उदाहरण या विषयातलं सगळ्यात बोलकं. तिथे आधीच शेवाळ खाणारे मासे फार पकडले गेले होते आणि ते काम काळे सी अर्चिन करत होते. 1983-84 मध्ये रोगाने ते जवळपास सगळे मेले. त्याआधी 1980 च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडलेच होते. 1977 ला सुमारे 52 टक्के असलेलं प्रवाळांचं आच्छादन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 3 टक्क्यांवर आलं आणि शेवाळ 4 वरून 92 टक्क्यांवर गेलं. अख्खा रीफ! त्यामुळे टर्बो गोगलगायी, छोटा अर्चिन ही टँकची शोभा नाही, ती कामावरची माणसं आहेत. फक्त लांब केस आधी हातानं काढा, गोगलगायी कोवळी लवच आवडीने खातात. आणि जेवढं खायला आहे तेवढ्याच आणा, नाहीतर त्या उपाशी मरून पुन्हा खतच होतात.

चौथा उपाय मला सगळ्यात आवडतो. शेवाळाला वाढायचंच आहे ना, मग त्याला वेगळी खोली द्या. खालच्या संपमध्ये दिवा लावून कीटोमॉर्फा नावाचं तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढवायचं आणि दर पंधरवड्याला मूठभर उपटून फेकायचं. वर प्रदर्शनात नको असलेलं काम खाली चालू राहतं.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट, कारण आपल्या लोकांना शून्याचं भारी आकर्षण. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेऊन ठेवलं की प्रवाळ उपाशी पडतात, फिके होतात, आणि रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट्स येतात. तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे धरलेले. काही जाती विषारी, त्या खाऊन गोगलगायी मरतात. हिरवं शेवाळ परवडलं असं म्हणायची वेळ येते. म्हणून नायट्रेट 5-10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असं थोडं शिल्लक ठेवावं. आणि काहीही करण्याआधी आपल्याकडे नक्की काय आलंय ते ओळखावं. लाल बुळबुळीत थर तर शेवाळही नाही, ते सायनोबॅक्टेरिया.

मग औषध कधीच नको का? तसंही नाही. ब्रायोप्सिस नावाचं पिसांसारखं शेवाळ उपटलं तरी उरलेल्या तुकड्यांतून परत फुटतं. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पण आधी हाताने जमेल तेवढं काढून, आणि नंतर मेलेलं ओढून घेऊन. अँटिबायोटिक टाकून सायनो मारताना मात्र दहादा विचार करा, टँकचं पाणी साफ ठेवणारे जिवाणूही त्याच तडाख्यात सापडू शकतात.

हे सगळं इतकं ताणून का सांगतोय? कारण या छंदात हरणाऱ्याचे फक्त पैसे जातात. टँकमधले बरेचसे समुद्री मासे मात्र आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात, ते जिवानिशी जातात. क्लाउनफिशचं प्रजनन आपल्याकडे सीएमएफआरआयने जमवलंय, पण प्रत्येक माशाची ती सोय नाही. "शेवाळ आलं, वैताग आला, टँक मोडला" या एका वाक्यात किती जीव संपतात ते कुणी मोजत नाही. ज्याला तीन महिने दर रविवारी बादली घेऊन बसायची तयारी नाही, त्याने गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत. तेही सुंदर दिसतात.