तिसरे शील आणि आपले मौन

मागच्या वर्षावासात आमच्या विहारात महिलांची आरोग्य बैठक घेतली. विषय रक्तक्षयाचा होता. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या, सगळे बोलून झाले. बायका चपला घालू लागल्या तेव्हा एक पस्तिशीतली बाई मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, गोळ्या घेईन मी. पण रात्री मला नको वाटतं, त्यावर काही गोळी आहे का? नाही म्हटलं की दोन दिवस घरात धुसफूस."

वॉर्डात नर्स होते तेव्हापासून हा प्रश्न मी ऐकत आले आहे. बायकांच्या तोंडी तो कंबरदुखी होऊन येतो, झोप लागत नाही म्हणून येतो. पोरांच्या तोंडी तो "धातू जाते, अशक्तपणा आलाय" असा येतो. त्या पोराने आधीच रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्याला महिन्याचा पगार देऊन टाकलेला असतो.

आधी पोरांचे सांगते. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे साफ खोटे आहे. एका वेळी जाणारे वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलीटर असते, म्हणजे फार तर एक चमचा. शरीर ते सतत नव्याने तयार करते. झोपेत वीर्य जाणे हा वयात येण्याचा भाग आहे. त्याला 'स्वप्नदोष' हे नाव देऊन आपणच त्यात दोष घातला. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांचे वर्णन डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये केले आणि त्याला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. थकवा खरा असतो, पण तो बहुतेक वेळा चिंतेचा असतो. मात्र लघवीला जळजळ, पू किंवा जखम असेल तर तंबूत न जाता सरकारी दवाखान्यात जा.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते. इच्छा कशी चालते, याचा विचार जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन या संशोधकांनी गाडीसारखा मांडला आहे. प्रत्येकाच्या मनात एक ॲक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक. आपल्याकडे इच्छा कमी झाली की सगळे ॲक्सिलरेटर शोधतात: तेल, चूर्ण, गोळी. ब्रेकवर पाय कोणाचा आहे, ते कोणी बघत नाही. त्या बाईचा दिवस पहाटे नळाच्या पाण्याने सुरू होतो. चार घरची धुणीभांडी होतात. एका खोलीत सासू आणि दोन मुले झोपतात. नवरा पिऊन येतो. पुन्हा दिवस राहतील ही धास्ती आहे, आणि संबंधाच्या वेळी दुखते ते कोणाला सांगायची सोय नाही. इतके ब्रेक दाबलेले असताना गाडी हलत नाही, यात तिचा काय दोष?

कॅनडातील डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली आणखी एक गोष्ट मांडली. पुष्कळ स्त्रियांत इच्छा आधी येत नाही; जवळीक, बोलणे, विश्वास वाटणे यानंतर ती जागी होते. म्हणजे संध्याकाळी प्रेमाने दोन शब्द बोलणे, भांडी घासायला हात लावणे, यांचाही रात्रीशी संबंध आहे. शरीराची कारणेही असतात. रक्तक्षय, थायरॉइड, बाळंतपण, पाळी जाण्याच्या वयातला कोरडेपणा, काही औषधे यांनी इच्छा मंदावते. पुरुषाला ताठरता येईनाशी झाली तर मधुमेह आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पुरुषार्थ गेला म्हणून तोंड लपवण्याचे ते कारण नव्हे.

असे बोलले की काही ज्येष्ठ उपासक मला म्हणतात, "ताई, तृष्णा हेच दुःखाचे कारण असे तथागतांनी सांगितले. विहारात हा विषय कशाला?" त्यांचा मान ठेवून मी एक विचारते. आपण रोज पंचशील घेतो, त्यात तिसरे शील कामातील मिथ्याचारापासून दूर राहण्याचे आहे. पौर्णिमेला जे अष्टशील घेतात, त्यांचे तिसरे शील वेगळे असते. त्यात ब्रह्मचर्य पाळायचे असते. दोन्ही शिले एकच असती तर दोन वेगळे शब्द कशाला ठेवले असते? गृहस्थाला कामभावना सोडायला सांगितलेले नाही. तिच्यापायी दुसऱ्याला दुखवायचे नाही, फसवायचे नाही, एवढे सांगितले आहे. कितीही मिळाले तरी न भागणारी हाव ती तृष्णा. नवरा-बायकोची एकमेकांची ओढ त्यात बसवणे मला पटत नाही. मात्र बायको नको म्हणत असताना तिच्यावर हक्क गाजवणे हा मिथ्याचारच आहे, मग लग्न झालेले असो. आपला फौजदारी कायदा सज्ञान पत्नीच्या बाबतीत याला अजून बलात्कार म्हणत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे धरला आहे, आणि मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. शील तर कायद्याच्या पुढचे असते.

आणि हा विषय घाणेरडा म्हणणाऱ्यांनी बाबासाहेब आठवावेत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही नामंजूर झाला. त्या काळात, दोनदा हार पत्करून, ज्यांनी हा विषय चारचौघांत मांडला, त्यांच्या लेकरांनी आज विहारात मान खाली घालावी का?

माझे म्हणणे थोडके आहे. वर्षातून दोनदा तरी विहारात बाया-बाप्यांच्या वेगवेगळ्या बैठका घ्या आणि जाणत्या नर्सला, डॉक्टरला बोलवा. पाळीबद्दल मुलींना सांगतो तसे मुलांनाही वयात येण्याबद्दल सांगा. नाहीतर मोबाईल सांगेल, आणि मोबाईलवर बाईची मर्जी कोणी विचारत नाही. घरात नवऱ्याने आज "तुला बरं वाटतंय का?" एवढे विचारून बघावे. उत्तर "नको" आले तर रुसू नये.

त्या बाईला मी गोळी दिली नाही. पुढच्या बैठकीला नवऱ्याला घेऊन ये, म्हणाले. तो आला, शेवटच्या रांगेत बसला, तासभर काही बोलला नाही. जाताना मात्र विचारले, "ताई, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं का नाही?"

याचे उत्तर आपण सगळ्यांनीच द्यायचे आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.